दोष चहाला, सूट जारला

कंबर धरली, गुडघे कुरकुरायला लागले, की सोलापुरात पहिला आरोप चहावर होतो. ‘चहानं हाडं ठिसूळ होतात’ हे वाक्य घोंगडे वस्तीपासून विडी घरकुलापर्यंत घरोघरी ऐकू येतं. ते मनावर घेऊन चहा सोडणाऱ्या बाया चहाबरोबर दिवसभरातलं उरलंसुरलं दूधही सोडून देतात. त्याच घराच्या दारात मात्र रोज वीस लिटरचा जार उतरतो, पाहुण्यांसाठी काळ्या कोल्ड्रिंकची मोठी बाटली फ्रिजमध्ये थंड होत असते आणि कुणाला तरी मुतखडा झाला म्हणून दही बंद असतं. यातला चहा हा सर्वांत लहान गुन्हेगार आहे. बाकीच्या तिघांकडे शहरानं आता गांभीर्यानं पाहायला हवं.

आधी चहाचाच हिशेब करू. चहातल्या कॅफिनमुळे लघवीवाटे थोडं कॅल्शियम जास्त जातं हे खरं आहे. १०० मिलीग्रॅम कॅफिनमागे साधारण ६ मिलीग्रॅम कॅल्शियम जातं. टपरीवरच्या एका कट चहात २० ते ३० मिलीग्रॅम कॅफिन धरलं, तर दिवसाला आठ कट पिणाऱ्या माणसाचं नुकसान १० ते १४ मिलीग्रॅमचं होतं. दुधातल्या कॅल्शियमपैकी सुमारे तीस टक्के अंगी लागतं. म्हणजे हे नुकसान भरून काढायला दिवसाला ४० मिली दूध पुरतं. आणि चहा दुधाचा असेल तर प्रत्येक कटात २० मिलीच्या आसपास दूध असतंच. आठ कटांचं मिळून १६० मिली, म्हणजे जवळपास १९० मिलीग्रॅम कॅल्शियम. चहा जितकं घेतो त्याच्या कितीतरी पट दूध देऊन जातो. पहाटे उठून विड्या वळायला बसणाऱ्या अनेक बायकांच्या पोटात दिवसभरात जातं ते एवढंच दूध.

म्हणून ‘चहा सोडा’ हा सल्ला अर्धवट आहे. चहा सोडला तर त्याच्या जागी काय, हे सांगितलं नाही तर तो सल्ला हाडांच्या मुळावर येतो. चहाचे खरे दोष वेगळे आहेत. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, म्हणून जेवण आणि चहा यांत तासभराचं अंतर हवं. सकाळच्या पाळीला चहा-खारी खाऊन भूक मारली की दुपारपर्यंत पोटात काही जात नाही, आणि हाडांना कॅल्शियमइतकीच प्रथिनंही लागतात. शिवाय आठ कटांतली साखर. दूध परवडत नाही म्हणून घरात कोरा चहा सुरू झाला, की मग मात्र वरचं गणित उलटं फिरतं. तेव्हा कॅफिन जाताना कॅल्शियम घेऊन जातं आणि येत काहीच नाही.

पेयांचा हा प्रश्न सोलापुरात इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा का आहे, ते इथल्या ताटात पाहिलं की कळतं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी कॅल्शियमची रोजची गरज ६०० वरून १००० मिलीग्रॅमवर नेली. पाळी गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी ती १२०० आहे. आपलं मुख्य धान्य ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी चवीला कितीही सरस असली, तरी १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम ३० मिलीग्रॅमच्या आतच असतं. नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास. दिवसभरात अडीचशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर सत्तर मिलीग्रॅम होतात. त्यात तुरीच्या डाळीचं आमटीतलं प्रमाण, वांग्याची भाजी आणि शेंगाची चटणी मिळवली तरी गाडी पावणेदोनशेच्या पुढे जात नाही. कोकणातल्या माणसाला नाचणी आहे, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आहे. आपल्याकडे ती जागा दूध, दही, ताक, तीळ, कारळ आणि पालेभाज्यांनी भरली जायची. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करायची रीत वर्षातून एकदाच पाळली जाते. चमचाभर न सोललेल्या तिळात शंभरावर मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, हे लक्षात घेतलं तर ती रीत आठवड्यातून दोनदा पाळायला हरकत नाही. तरीही मोठी तूट भरून काढायची तर ती पेल्यातूनच भरावी लागेल.

पेला म्हटला की ताक. इथले तेलुगू भाषक त्याला मज्जिग म्हणतात, कन्नड भाषक मज्जिगे. तिन्ही भाषांच्या घरांत ते आहे, आणि उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत त्याला पर्याय नाही. दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं त्यांनाही ताक पचतं, कारण विरजणात दुधातली साखर काही प्रमाणात मोडलेली असते. लोणी काढलं म्हणून ताकातलं कॅल्शियम कमी होत नाही. ते स्निग्धांशात नसतंच. त्याच कारणानं टोन्ड दुधाच्या पिशवीतही म्हशीच्या दुधाइतकंच, म्हणजे १०० मिलीला १२० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. दूध उकळल्यानंही ते जात नाही.

ताकात दोन गोष्टींनी घात होतो, पाणी आणि मीठ. घरी वाटीभर दह्यात दीड वाटी पाणी घालून घुसळलं तर प्रत्येक पेल्यात ९० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम येतं. पंगतीतल्या किंवा हॉटेलातल्या मठ्ठ्यात एका वाटी दह्याला पाच वाट्या पाणी असलं तर पेल्यात चाळीसच उरतात, आणि त्यातले बाराच अंगी लागतात. आता मीठ. ६ ग्रॅम मिठातलं सोडियम मूत्रपिंडातून बाहेर पडताना सुमारे ४० मिलीग्रॅम कॅल्शियम सोबत नेतं. म्हणजे पातळ मठ्ठ्याच्या पेल्यात अर्धा चमचा, ३ ग्रॅम मीठ घातलं की २० मिलीग्रॅम कॅल्शियम जाणार आणि मिळणार १२. असं ताक तहान भागवतं, पण हाडांच्या खात्यात उधारीच वाढवतं. मसाला सोडा, गोळी सोडा यांचं तर विचारायलाच नको, तिथं मीठ आहे आणि दूध अजिबात नाही. उन्हात पाट्या उचलणाऱ्या किंवा पत्र्याच्या शेडमध्ये मागावर उभ्या असणाऱ्याला घामातून मीठ गमवावं लागतं, त्याला चिमटीभर मीठ जास्त चालेल. बैठं काम करणाऱ्याला ती सवलत नाही.

घट्ट ताकाचा उत्तम उपयोग आंबिलीत होतो. तीन चमचे ज्वारीचं पीठ, जमल्यास निम्मं नाचणीचं, रात्री वाटीभर आंबट ताकात कालवून झाकून ठेवावं. सकाळी दोन वाट्या उकळत्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता सोडून मंद आचेवर दहा मिनिटं शिजवावं. पूर्ण निवल्यावरच वाटीभर दही घुसळून त्यात मिसळावं, गरमागरम आंबिलीत दही घातलं की ते फाटतं. वर ठेचलेला लसूण, जिरं, कढीपत्ता. रात्रभर आंबवल्यानं धान्यातलं फायटेट कमी होतं. हेच फायटेट कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतं, म्हणून आंबवणं हा फक्त चवीचा भाग नाही. दोन पेल्यांत मिळून अडीचशे मिलीग्रॅम कॅल्शियम सहज जमतं.

आता कोल्ड्रिंक. २००६ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात अडीच हजार स्त्री-पुरुषांच्या हाडांची घनता मोजली गेली. रोज कोला पिणाऱ्या बायकांच्या मांडीच्या हाडाच्या मानेत घनता, महिन्यातून एखाद्या वेळीच कोला पिणाऱ्या बायकांपेक्षा ३.७ टक्क्यांनी कमी आढळली. मांडीचं हाड मोडतं ते बरेचदा याच भागात. पुरुषांत हा फरक दिसला नाही, आणि कोला सोडून इतर फसफसत्या पेयांतही दिसला नाही. त्यामुळे बुडबुडे हाडं विरघळवतात ही समजूत चुकीची आहे. फॉस्फोरिक आम्लावर सगळा ठपका ठेवणंही पुरेसं नाही, कारण एका डब्यातल्या कोलात जेवढा फॉस्फरस असतो त्याच्या कितीतरी पट एका पेला दुधात असतो. फरक असा की दुधात त्याच्या जोडीला कॅल्शियम आहे, कोलात नाही. आणि सगळ्यांत मोठं नुकसान असं की ज्या पोटात पेलाभर दूध गेलं असतं तिथं २५० मिलीमागे २६ ग्रॅम साखर जाते.

हे मुलांच्या बाबतीत सर्वांत महाग पडतं. हाडांची बहुतेक भर अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत पडून जाते, तिशीनंतर शिल्लक वाढत नाही, ती फक्त राखता येते. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत बायकांच्या हाडांची झीज झपाट्यानं होते, आणि तेव्हा खर्चायला तेरा ते अठरा या वयात साठवलेलंच असतं. या वयाला रोज १००० ते १०५० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. नेमक्या याच वयाची मुलं शिकवणीच्या मधल्या वेळात स्वस्त एनर्जी ड्रिंकची बाटली घेतात. या पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिन असू शकतं आणि मुलांनी व गरोदर बायकांनी ते घेऊ नये हे बाटलीवर छापणं नियमानं बंधनकारक आहे. छापलेलं असतं, फक्त भिंग घेऊन वाचावं लागतं. शाळा-महाविद्यालयांच्या आवारात आणि फाटकाजवळच्या टपऱ्यांवर ही बाटली शाळकरी मुलाला विकू नये, एवढी अट महापालिकेनं परवान्यात घालायला काय हरकत आहे? दुधात घालायच्या माल्टच्या डब्यांनाही फार भाव देऊ नये. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं. त्या पेल्यातलं आरोग्य मुख्यतः दुधाचं असतं.

सगळ्यांत कमी बोललं जातं ते पाण्याबद्दल. सोलापूर उजनीच्या पाण्यावर जगतं आणि नळाला ते काही दिवसांआड येतं. साठवलेल्या पाण्यावर लोकांचा विश्वास उरलेला नाही, म्हणून जारचा धंदा गल्लोगल्ली पोचला. ज्यांना जमलं त्यांनी आरओ बसवलं. पाणी स्वच्छ झालं हे चांगलंच, पण त्यातून काय निघून गेलं हे कुणी सांगितलं नाही. कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात, म्हणून ज्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ३०० मिलीग्रॅम आहे आणि त्यातला दोन तृतीयांश कॅल्शियममुळे आहे, त्या पाण्यात लिटरमागे ८० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. दिवसाला तीन लिटर प्यायलं तर २४० मिलीग्रॅम, म्हणजे बरोबर पेलाभर दुधाइतकं. पाण्यातलं कॅल्शियम दुधातल्याइतकंच अंगी लागतं. आरओचा पडदा त्यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक काढून टाकतो. दुधाचा पेला आधीच हातातून गेलेल्या घरात पाण्यातला हा दुसरा पेलाही नळी वाटे मोरीत जातो, आणि त्याच्याबरोबर बरंचसं पाणीही. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे दुहेरी नुकसान आहे.

याचा अर्थ बोअरचं पाणी डोळे मिटून प्यावं असा नाही. फ्लोराइड लिटरला १.५ मिलीग्रॅमच्या वर गेलं तर वर्षानुवर्षांत तेच हाडांना आणि सांध्यांना ताठ करतं. ते उकळूनही जात नाही, उलट पाणी आटल्यानं किंचित वाढतं. नायट्रेटचंही तसंच. अशा पाण्याला आरओ हवंच. म्हणून आधी तपासणी, मग यंत्र, हा क्रम पाहिजे. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून, बोअर पाच मिनिटं चालवून मग भरावी आणि अहवालात लिटरमागे मिलीग्रॅमचे चार आकडे पाहावेत. एकूण विरघळलेले क्षार ५०० च्या आत, कठीणपणा ६०० च्या आत, फ्लोराइड एकच्या आत, नायट्रेट ४५ च्या आत. हे आकडे बरे असतील तर जंतूंसाठी साधी गाळणी आणि अतिनील दिवा पुरतो, तो क्षारांना हात लावत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यावर आरओ वापरू नये असे निर्देश दिले होते. त्या आदेशाचं पुढे काहीही होवो, त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. आरओ बसलेलंच असेल तर बहुतेक यंत्रांत आत एक छोटा स्क्रू असतो, मूळ पाणी थोडं मिसळू देणारा. फ्लोराइड आणि नायट्रेट ठीक असतील तर मिस्त्रीला सांगून तो क्षार दीडशेच्या आसपास येतील असा लावून घ्यावा. मिस्त्री मीटरवर वीस-तीसचा आकडा दाखवून ‘बघा, किती शुद्ध’ म्हणतो, तेव्हा तो आकडा अभिमानाचा नसतो.

जारवाल्यांच्या बाबतीत मागणी सरळ आहे. सीलबंद बाटलीवर निदान परवाना क्रमांक असतो. गल्लीत रिक्षातून उतरणाऱ्या उघड्या जारवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. क्षार, कठीणपणा आणि फ्लोराइड हे तीन आकडे आणि तपासणीची तारीख प्रत्येक जारवर चिकटवल्याशिवाय विक्री नको. आणि नळाच्या पाण्याचे हेच आकडे महापालिकेनं दर महिन्याला प्रभागवार जाहीर करावेत. माणूस जार घेतो तो माहिती नसल्यामुळे, ती माहिती देणं पाणीपट्टी घेणाऱ्याचं काम आहे.

कठीण पाणी आणि दूध या दोघांवरही एकच भीती आडवी येते, मुतखड्याची. इथल्या उन्हात, कमी पाण्यात मुतखडे होतात हे खरं, पण खड्यात कॅल्शियम निघालं म्हणून खाण्यातलं कॅल्शियम बंद करणं हा उलटा उपाय आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच अन्नातल्या ऑक्झलेट या घटकाला बांधतं आणि ते शौचावाटे जातं. कॅल्शियम नसलं की ऑक्झलेट मोकळं रक्तात येऊन मूत्रपिंडात पोचतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाल्याचं दिसलं. २००२ मध्ये इटलीत मुतखड्याच्या १२० रुग्णांना पाच वर्षं दोन प्रकारचे आहार दिले. कॅल्शियम कमी केलेल्या साठ जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, आणि १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम ठेवून मीठ व मांस कमी केलेल्या साठांपैकी १२ जणांना. मुतखडा झालेल्यानं दही जेवणाबरोबर खावं, मीठ कमी करावं आणि दोन लिटरच्या वर लघवी होईल एवढं पाणी प्यावं. डॉक्टरांनी विशिष्ट कारणानं मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. उपाशीपोटी गोळीतून घेतलेलं कॅल्शियम मात्र या बाबतीत अन्नासारखं वागत नाही.

गोळ्यांवरून आणखी एक. गरोदर बायकांना आशाताई लोहाची गोळी देतात आणि चौथ्या महिन्यापासून ५०० मिलीग्रॅम कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा. दोन्ही एकदम घेतल्या की कॅल्शियम लोहाला अडवतं. कॅल्शियम जेवणानंतर, लोह त्यापासून दोन तास दूर, आणि लोहाबरोबर चहा-दूध नाही, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियमसाठी ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना’ दह्यात घ्यायचा उपायही मोबाइलवरून फार फिरतो. तेवढ्या चुन्यात कॅल्शियम नगण्य, आणि पानाच्या चुन्यात आणखी काय आहे ते कुणी तपासत नाही. जास्त गेला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते.

आणि यातलं काहीही ड जीवनसत्त्वाशिवाय पुरतं उपयोगी पडत नाही. कोवळ्या उन्हात बसण्याचा सल्ला प्रेमळ आहे, पण तेव्हाच्या तिरक्या किरणांत ड जीवनसत्त्व तयार करणारा भाग जवळपास नसतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं. मे महिन्यात भर दुपारी बाहेर पडा असं कुणी म्हणणार नाही, पण दहाच्या सुमाराला हात, पाय, चेहरा उघडा ठेवून पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येणाऱ्या या शहरात सूप मांडीवर घेऊन दिवसभर खोलीत तेंदूपत्ता कापणारी बाई आणि शेडमधला यंत्रमाग कामगार उन्हावाचून राहतात. तिनं सूप घेऊन दहा वाजता ओट्यावर यावं इतकं सोपं आहे हे. दूध घेताना पिशवीवर ‘+एफ’ हे चिन्ह पाहावं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. पण पेलाभर दुधात ड जीवनसत्त्वाची रोजच्या गरजेच्या जेमतेम एक दशांश भर पडते, म्हणून पिशवी घेतली की ऊन नको असं होत नाही.

अक्कलकोट रोडच्या वसाहतीतल्या आणि पेठांतल्या कारखानदारांना या उन्हाळ्यापासून करता येईल असं एक काम आहे. दुपारी तीनच्या चहाबरोबर, चहाच्या बदल्यात नव्हे, प्रत्येक कामगाराला पाव लिटर ताक. वीस जणांसाठी अडीच लिटर टोन्ड दूध रात्री विरजायचं, दुपारी तितकंच पाणी घालून घुसळायचं, त्यात सपाट दोन चहाचे चमचे मीठ आणि भाजलेलं जिरं. प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे मिलीग्रॅम कॅल्शियम येतं. पाणी उकळून गार केलेलं हवं, आणि ताक घुसळल्यापासून चार तासांत संपायला हवं, नाहीतर या उष्म्यात ते फार आंबट होतं. माठ ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवावा किंवा स्टीलची बरणी बर्फात. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, कल्हई उडालेली असेल तर आंबटपणानं धातू ताकात उतरतो आणि संध्याकाळच्या पाळीला उलट्या सुरू होतात.